एक तासाचा अंधार की वर्षभराची मीटरची वही?

कळंबला माझा भाचा शाळेत शिक्षक आहे. परवा त्याचा फोन आला. "मामा, मार्चमध्ये अर्थ अवरच्या दिवशी शाळेतर्फे गल्लीत तासभर लाईट बंद ठेवायचा कार्यक्रम घ्यावा म्हणतोय. आमच्या मोठ्या बाई म्हणायल्यात, त्यापेक्षा पोरांना घरच्या मीटरचं रीडिंग लिहायला लावा. दोन्ही झेपायचं नाही. तुम्ही दोन्ही करून बघितलंय, काय करू सांगा." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, बोलणं अर्धवट राहिलं. मार्च जवळ आला की हाच प्रश्न बऱ्याच मंडळांत, सोसायट्यांत निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं अंबाजोगाईत मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे. आमची कॉलनी ४० घरांची. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं आम्ही मार्चमधल्या त्या शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ अंधार पाळला. त्यानंतर तो सोडला आणि वही धरली, ती अजून चालू आहे. माझं माप कुठं झुकलंय ते पुढं दिसेलच. पण अंधाराच्या बाजूनं जे बोलायला पाहिजे ते आधी बोलतो, कारण तो तास वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

पहिल्या वर्षी सगळी कॉलनी रस्त्यावर आली. एरवी दार लावून टीव्हीपुढं बसणारी माणसं कट्ट्यावर येऊन बसली. शेजारच्या आजींनी पश्चिमेकडं हात करून पोरांना मृग दाखवला, मृगाच्या पोटातलं तिकांडं दाखवलं. रात्री पिकाला पाणी धरायला जाताना त्यांचे सासरे तिकांड्यावरून वेळ ओळखायचे, ते सांगितलं. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते. 'मृग लागला, आता पेरणीची तयारी' हे पोरांनी जन्मापासून ऐकलेलं, पण तो मृग आकाशात असा डोळ्यांनी दिसतो हे त्यांना त्या रात्री कळलं. माझ्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वहीत त्याचं चित्र काढलं होतं. वहीच्या कार्यक्रमातून असं काही निघत नाही, हे मी मान्य करतो. एका रात्रीत चाळीस घरं एकत्र आणायची असतील तर अंधारासारखं दुसरं साधन नाही. वर्गणी नाही, मांडव नाही, कुणाची परवानगी नाही.

पण भाच्याचा प्रश्न वीज वाचते का हा आहे.

घरातल्या दिव्यांना किती वीज लागते याचा आपला अंदाज जुना राहिलाय. सिडनीत ३१ मार्च २००७ ला हा तास पहिल्यांदा पाळला गेला, तेव्हा आपल्याकडं घरोघर ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. असे पाच बल्ब तासभर बंद ठेवले की ०.३ युनिट वाचायचं. २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले. आज त्याच पाच जागी ९ वॅटचे एलईडी आहेत. पाचही तासभर बंद ठेवले तर ४५ वॅट-तास, म्हणजे ०.०४५ युनिट. आमची ४० घरं मिळून १.८ युनिट. शेतातली ५ एचपीची मोटार एवढी वीज अर्ध्या तासात ओढते. आज घरात चालणाऱ्या वस्तूंत दिवा अगदी हलक्यांपैकी झालाय, आणि कार्यक्रमात आपण नेमका तोच बंद करतो.

इथं कुणी म्हणेल, एका कॉलनीचं सोडा, सगळ्या देशानं केलं तर? ते एकदा झालंय. ५ एप्रिल २०२० ची रात्र, नऊ वाजता नऊ मिनिटं. ते आवाहन विजेच्या बचतीसाठी नव्हतं, करोनाच्या काळात एकजूट दाखवण्यासाठी होतं, त्यामुळं बचतीच्या मापानं त्याला तोलणं योग्य नाही. पण घरोघरचे दिवे एकदम गेले तर काय होतं, त्याची नोंद त्या रात्री झाली. पावणेनऊला देशाची मागणी सुमारे १,१७,३०० मेगावॅट होती. नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ती ८५,३०० पर्यंत खाली आली आणि लगेच परत चढू लागली. हा धक्का मुख्यतः पाण्यावरच्या वीजघरांनी झेलला. ती आधी चढवून ठेवली होती, मग २५,५०० मेगावॅटवरून ८,००० पर्यंत उतरवली आणि पुन्हा वर नेली. विजेची मागणी आणि पुरवठा जुळवत बसणाऱ्या भार प्रेषण केंद्रातल्या माणसांनी ते ज्या सफाईनं निभावलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. पण हिशेब मांडून बघा. पूर्ण ३२,००० मेगावॅट नऊच्या नऊ मिनिटं कमी झाले असं धरलं, तरी ४८ लाख युनिट होतात. त्या रात्रीच्या मागणीनं देश तेवढी वीज अडीच मिनिटांत वापरत होता.

परळीचं औष्णिक केंद्र आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, त्याच्या चिमण्या बघतच आम्ही मोठे झालो. कोळशाचा बॉयलर एकदा थंड झाला की परत पूर्ण तापायला कित्येक तास लागतात. मागणी तासभर उतरली म्हणून तो कुणी विझवत नाही, जरा मंद करतात, एवढंच. त्याला खरा आराम मिळायचा तर मागणी रोज, महिनोन् महिने कमी राहायला पाहिजे. आणि आपल्या भागात हा नुसता कोळशाचा प्रश्न नाही. जुलै २०१५ मध्ये खडका धरणात पाणी उरलं नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ते दोन उन्हाळे ज्यांनी बघितलेत त्यांना युनिट वाचवणं म्हणजे पाणी वाचवणं आहे, हे समजावून सांगावं लागत नाही.

इथपर्यंतचं सगळं मला २०२२ मध्येही माहीत होतं. वीज थोडी का होईना वाचते, पोरांना शिकायला मिळतं, मग चालू द्यावं असं माझं मत होतं. ज्या एका गोष्टीनं ते बदललं ती दुसऱ्या वर्षीची.

मार्चअखेर इथं उकाडा सुरू झालेला असतो. आमच्या कॉलनीत इन्व्हर्टर नाही अशी घरं मोजकीच. भारनियमनाच्या वर्षांत लोकांनी पोटाला चिमटा काढून ते घेतले आणि लाईट जायचं कमी झालं तरी ठेवले. २०२३ ला साडेआठ वाजता अंधार एकदम पडावा म्हणून बऱ्याच घरांनी एकेक बटण बंद न करता मेनच पाडला. अंधार खरोखर छान पडला, टाळ्या वाजल्या. पाचेक मिनिटांत मला आतून पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. एका खिडकीत टीव्हीचा निळा उजेड होता. समोरच्या काकांना मी विचारलं, "काका, तुमचा पंखा चालू आहे का?" ते म्हणाले, "मेन पाडलाय की. पंखा इन्व्हर्टरवर चालायलाय. आपण बोर्डाची लाईट बिलकुल घेत नाही." अगदी मनापासून सांगत होते. पंचाहत्तरीचा माणूस, कार्यक्रमासाठी सगळ्यात आधी मेन पाडणारा. त्यांना त्या अंधारात काय सांगावं ते मला सुचलं नाही.

बॅटरीतली वीज येते कुठून? त्याच मीटरमधून. आणि बॅटरीत १०० भरले तर पंख्यापर्यंत ६०-७० पोचतात, बाकीचे भरण्यात आणि उलट-सुलट करण्यात जातात, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे जो पंखा सरळ लाईनवर ७५ वॅट घेतो, तोच बॅटरीमार्गे चालवला की मागून ११० च्या आसपास भरावे लागतात. घरात दोन पंखे चालले तर ७० वॅट जास्तीचे गेले. दिवे बंद करून वाचवलेले किती? ४५. त्या घरानं अंधारात बसून एरवीपेक्षा जास्त वीज वापरली.

मी टॉर्च घेऊन मीटरच्या पेट्यांपाशी गेलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, तो फार थोडे लोक बघतात. आमच्या मीटरवर ३२०० असं छापलंय, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. दोन लुकलुकींच्या मध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्यानं भागायचं, की त्या क्षणी घरात किती वॅट चाललेत ते कळतं. साडेआठच्या आधी काकांच्या मीटरवर साधारण चार सेकंदांनी दिवा लुकलुकत होता, म्हणजे २८० वॅट. मेन पाडल्यावर तो अर्थातच गप्प झाला. साडेनऊला लोकांनी मेन वर केले आणि मी परत तिथं जाऊन उभा राहिलो. आता दोन सेकंदसुद्धा होत नव्हते. दिवे, पंखे, कूलर आणि वर चार्जिंगला लागलेला इन्व्हर्टर. एकामागून एक पेट्या बघत गेलो, बहुतेक ठिकाणी तेच. त्या ओळीतले लाल दिवे सगळेच घाईघाईनं लुकलुकत होते. रात्री अकराला कॉलनी झोपल्यावर परत एक चक्कर मारली, तेव्हाही चार्जिंग चालूच होतं.

माझी मोजणी मनगटावरच्या घड्याळावरची आहे, ती ढोबळ धरा. कुणी नीट उपकरण लावून मोजलं तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील. ज्या गावांत इन्व्हर्टर कमी आहेत तिथं हा तोटा होणार नाही, हेही खरं. पण त्या रात्री मी जे बघितलं ते डोळ्यांपुढून गेलं नाही. शेतात ऑटोस्विच लावलेल्या मोटारींचं असंच होतं. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात, सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतात, व्होल्टेज पडतं, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते आणि मोटारी माझ्या दुकानात येतात. सगळ्यांनी एकाच वेळी बंद आणि एकाच वेळी चालू, हे आपल्या तारांना मानवत नाही.

आता वही. त्यात बघण्यासारखं काहीच नाही. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मीटरवरचं रीडिंग लिहायचं, मागच्या महिन्याचं वजा करायचं, खाली एका ओळीत त्या महिन्यात नवीन काय झालं ते लिहायचं: पाहुणे आले, कूलर लावला, फ्रीज बदलला. उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी लिहितो. बिलावर हे येतंच, असं पुष्कळांनी मला सांगितलं. येतं, पण बिल येईपर्यंत महिना उलटलेला असतो, आणि रक्कम बघून लोक ते घडी घालून ठेवतात. आपल्या हातानं लिहिलेला आकडा डोक्यात राहतो.

एक उदाहरण सांगतो. कॉलनीतलं एक कुटुंब पुतण्याच्या लग्नाला सहा दिवस परभणीला गेलं. जाताना त्यांच्या सुनेनं रीडिंग लिहिलं आणि आल्यावर परत लिहिलं. बंद घरात २० युनिट पडले होते. ती वही घेऊन दुकानात आली. "भाऊ, घरात कुणीच नव्हतं, फक्त फ्रीज चालू होता." मी जाऊन बघितलं. फ्रीजच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात कडक होऊन वाकलं होतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं तर ती अलगद ओढून निघत होती. आत सारखी गरम हवा जायची आणि कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. रबर बदललं. पुढच्या रविवारच्या हिशेबात तिच्या घरचं रोज दीड युनिट कमी पडायला लागलं. सगळ्या कॉलनीनं अंधारात बसून वर्षातून एकदा जे वाचवलं असतं, जवळपास तेवढं ते एक रबर रोज वाचवतं. हा बिघाड किती वर्षांचा होता कुणास ठाऊक. वहीशिवाय तो कळलाच नसता, कारण फ्रीज थंड तर करत होता.

दुसरी गोष्ट पंख्यांची. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटारीचा) ३० चा. फरक ४५ वॅट. एका घरातले पाचही दिवे बंद ठेवून तासाला नेमके एवढेच वाचतात. मराठवाड्यात पंखा वर्षातले आठ महिने, रोज निदान दहा तास चालतो. म्हणजे एक पंखा बदलला की ते घर रोज दहा अंधाराचे तास पाळतं, आणि वाऱ्यात बसून पाळतं. किंमत तीन हजारांच्या आसपास पडते, ती सगळ्यांना एकदम झेपत नाही, म्हणून आम्ही जो पंखा सगळ्यात जास्त चालतो तोच आधी बदला असं सांगतो. बहुतेक घरांत तो आजी-आजोबांच्या खोलीतला निघाला. समोरच्या काकांनी स्वतःच्या खोलीतला बदललाय. शिवाय घरगुती दरात १०० युनिटांच्या वर गेलं की त्या वरच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट लागतो. वहीवाल्या घरांना ही १०० ची रेघ पाठ झालीय. २५ तारखेला आकडा बघून आवरतं घेणाऱ्या दोन गृहिणी मला माहीत आहेत.

वहीचं दुखणंही सांगायला पाहिजे. ती कंटाळवाणी आहे. आमच्याकडं २७ घरांनी सुरू केली, दिवाळीपर्यंत १५ राहिली, आज ११ आहेत. काहींना आपले युनिट दुसऱ्यानं बघितलेले आवडत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. भाडेकरूंना घरमालक विजेचे ठरावीक पैसे लावतो, त्यांनी कशासाठी लिहायचं? पेपरात फोटो येत नाही, पाहुणे बोलावता येत नाहीत. ज्या घरी रीडिंग पुरुषांकडं होतं तिथली वही आधी बंद पडली. बायकांनी आणि सातवी-आठवीच्या पोरांनी धरलेल्या टिकल्या. म्हणूनच शाळेतर्फे ती चालेल असं मला वाटतं, जरा जास्तच वाटतं म्हणा. शाळेला तीस पोरं आणि दर महिन्याची १ तारीख आयतीच मिळते.

गावातून कुणी विचारत असेल तर थोडं वेगळं. भारनियमनाच्या दिवसांत अक्षय प्रकाश योजना होती. गावानं एकमतानं संध्याकाळी शेतातल्या मोटारी आणि जड भार बंद ठेवायचे, तारांवर आकडे टाकून वीज चोरायची नाही, त्या बदल्यात गावठाणात दिवाबत्तीपुरती वीज मिळायची. मला विचाराल तर सामुदायिक 'बंद'चा तो खरा नमुना. बंद काय केलं, तर मोटार. कधी केलं, तर रोज. आणि पोरांना अभ्यासाला दिवा मिळाला हे फळ डोळ्यांसमोर. जी गावं शब्दाला जागली तिथं संध्याकाळी चुली उजेडात पेटल्या. शेजारच्याच गावात लोक कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर ओढायचे, त्यांच्या जळालेल्या मोटारी मी रात्र-रात्र बसून भरल्यात. आजही गावात काही करायचं असेल तर दिवे राहू द्या. मोटारींना तारांवरचा भार हलका करणारे कपॅसिटर बसवायचं आणि ऑटोस्विच काढायचं मनावर घ्या.

भाच्याला मी कळवलंय की मोठ्या बाईंचं ऐक. पहिलं रीडिंग येत्या १ तारखेला घे. पोरांना आधी मीटरवर छापलेला आकडा पहिल्या पानावर लिहायला सांग, कारण तो सगळीकडं ३२०० नसतो. १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० धरायचे. पेटी उघडायची नाही, काचेतूनच बघायचं. आणि मृग दाखवायचा असेल तर मार्चमधल्या कुठल्याही रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर न्यायचं, गच्चीवरचा एक दिवा बंद केला तरी पुरतं. मे उजाडला की तो दिवस मावळताच पश्चिमेला बुडायला लागतो, तेव्हा परीक्षा संपायची वाट बघत बसू नको.